नाव मोठं, राइड खोटी?

ज्या राइडच्या नावाने पब्लिक दोन-दोन तास लाइन लावतं, ती खरंच तेवढी भारी असते का? ठाण्याच्या मानपाड्यापासून कल्याणच्या दुर्गाडीपर्यंत आणि तिथून थेट खोपोलीपर्यंत फिरून केलेला हा पंचनामा!

डोंबिवलीत दोन विषयांवर कधीच एकमत होत नाही. एक, स्टेशनबाहेरचा बेस्ट वडापाव कुणाचा. आणि दोन, पिकनिकला कुठे जायचं. पहिल्या भांडणात निदान दहा-वीस रुपयांत निकाल तरी लागतो. दुसऱ्यात एक अख्खी सुट्टी, माणशी दीड-दोन हजार रुपये आणि ‘मी सांगत होते ना’ असं पुढचं वर्षभर ऐकण्याची तयारी, एवढं सगळं पणाला लागतं.

आमच्या पिढीसाठी या भांडणाचं मूळ एकाच नावात होतं. एस्सेलवर्ल्ड! टीव्हीवर ती जाहिरात लागली की घराघरातली पोरं ते गाणं म्हणत सुटायची. वर्गात दोनच जाती असायच्या, एस्सेलवर्ल्ड बघितलेले आणि न बघितलेले. बघितलेले सांगायचे आणि न बघितलेले गिळायचे. सांगणाऱ्यांनी निम्म्या थापा मारलेल्या असतात, हे कळायला स्वतः जावं लागलं. मी पाचवीत असताना गेले, शाळेच्या पिकनिकला.

आता थोडं खरं बोलूया का? गोराईचं एस्सेलवर्ल्ड 1989 मध्ये सुरू झालं, शेजारचं वॉटर किंग्डम 1998 मध्ये. डोंबिवलीहून तिकडे जायचं म्हणजे आधी लोकलने दादर, मग पूल चढून वेस्टर्न, बोरिवलीला उतरून बस, आणि मग जेट्टीवरून बोट. माझ्या ओळखीच्या किमान डझनभर लोकांना मी विचारलं, की तुला तिथलं काय आठवतं? झायक्लोन सांगणारे निघाले, हूला लूप सांगणारे निघाले, शॉट अँड ड्रॉपवर कोण रडलं होतं तेही निघालं. पण सगळ्यांच्या आठवणीत एक गोष्ट कॉमन होती. बोट! खाडीचा तो खारट वास, हलणारी फळी, आणि पलीकडच्या काठावर झाडांच्या वर डोकावणारे ते लोखंडी सांगाडे. तिकिटात न मोजलेली ही राइड सगळ्यात जास्त टिकली. एस्सेलवर्ल्ड 2022 पासून बंद आहे, त्यामुळे त्याच्या नावावर आता कितीही थापा मारा, तपासायला कुणी जाऊ शकत नाही. दिल्लीच्या अप्पू घरचंही तेच झालं. 1984 ला उघडलं, 2008 ला बंद झालं, आणि आता दिल्लीवाले त्याबद्दल असे बोलतात की डिस्नेलँडही लाजावं.

बंद झालेल्या पार्कशी स्पर्धा करणं कुठल्याच चालू पार्कला जमत नाही, बॉस.

फंडात 26,400 रुपये

मला हा सगळा शोध घ्यावा लागला त्याचं कारण सकाळची फास्ट लोकल. मी फ्रीलान्सर, त्यामुळे आठवड्यातून तीनच दिवस मुंबई. पण लेडीज डब्यातला आमचा ग्रुप पक्का आहे. अकरा जणी. परळच्या हॉस्पिटलमधली सिस्टर, फोर्टमधल्या बँकेतली, ठाण्याला उतरून ऐरोली गाठणारी आयटीवाली, एक सीएच्या ऑफिसातली, अशी सगळी सरमिसळ. दर महिन्याला प्रत्येकीचे 200 रुपये पिकनिक फंडात. वर्षाचे झाले 26,400. माणशी 2,400. यात गाडी, नाश्ता, जेवण आणि तिकीट बसवायचं. गाडी काढली की अर्धा फंड तिथेच वितळतो, म्हणून जागा नीट निवडायची.

दरवर्षी हा प्रश्न आरडाओरडा करून मतदानाने सुटतो. यंदा मात्र एक वेगळी गोष्ट होती. आमच्यातल्या काकू. मंत्रालयात नोकरी, डब्यातल्या सगळ्यात सीनिअर, वय वर्षं 58, म्हणजे रिटायरमेंट. फंडातली त्यांची ही शेवटची पिकनिक. ‘काकू, यंदा तुम्ही सांगाल तिकडे,’ असं आम्ही जाहीर करून टाकलं. वाटलं, काकू अलिबाग म्हणतील, गणपतीपुळे म्हणतील. काकू म्हणाल्या, ‘मला त्या उलट्या होणाऱ्या पाळण्यात बसायचंय.’

डबा गप्प. डोंबिवली लोकलमध्ये ही घटना रोज घडत नाही.

मग हळूहळू कळलं. काकू एस्सेलवर्ल्डला गेल्यात, एकदा नाही, चारदा. पोरांना घेऊन, भाच्यांना घेऊन, सोसायटीच्या पिकनिकला. टिकूजीनी वाडीला किती वेळा ते त्यांना आठवतही नाही. आणि या सगळ्या फेऱ्यांत त्या एकाही राइडवर बसलेल्या नाहीत. ‘कुणीतरी खाली लागतंच ना गं. पर्सा, चपला, पाण्याच्या बाटल्या, कुणाचा चष्मा, कुणाचं घड्याळ. मी आपली कठड्याला टेकून उभी.’ हे त्यांनी भेंडी निवडता निवडता सांगितलं, तक्रारीचा सूर अजिबात नव्हता.

तुमच्या घरातही अशी एक खाली उभी राहणारी बाई असेल. आठवून बघा.

‘पण एकदाच बसणार,’ काकूंनी बजावलं. ‘त्यामुळे जिचं नाव मोठं आणि जी खरंच तशी आहे, अशीच राइड हवी. पैसे फुकट नको जायला.’ आणि सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. ‘तू पत्रकार ना? मग तूच बघून ये की!’

मानपाडा, पण कुठलं?

सुरुवात घरापासून. डोंबिवलीकरांसाठी एक प्रेमाची सूचना. टिकूजीनी वाडी मानपाड्याला आहे, हे खरं. पण ते मानपाडा ठाण्यातलं, घोडबंदर रोडवरचं. डोंबिवलीच्या मानपाडा रोडवर ती शोधत बसलात तर तुम्हाला फक्त ट्रॅफिक सापडेल. (घोडबंदरलाही ट्रॅफिकच सापडेल, पण त्याच्या शेवटी एक पार्क असेल, एवढाच फरक.)

टिकूजीनी वाडीचं नाव मुंबईबाहेर फारसं कुणाला माहीत नाही, आणि हाच तिचा प्लस पॉइंट. जिच्याकडून अपेक्षाच कमी, ती निराश कशी करणार? येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, मागे संजय गांधी नॅशनल पार्कचं जंगल. ठाणे-बोरिवली जोडबोगद्याचं ठाण्याकडचं तोंड याच परिसरात आहे. 11.8 किलोमीटरच्या या प्रकल्पाचं भूमिपूजन जुलै 2024 मध्ये झालं. म्हणजे पुढेमागे बोरिवलीकर डोंगराखालून सरळ इथे उगवतील. तोवर ही जागा ठाणेकरांची. इथल्या मोठ्या पाळण्यात संध्याकाळी बसा. एका बाजूला हिरवागार डोंगर, दुसऱ्या बाजूला ठाण्याचे टॉवर, आणि मधल्या पट्ट्यात हे शहर किती जागा खाऊन बसलंय त्याचा नकाशा. मला विचाराल तर ठाण्यातला हा एक नंबर व्ह्यू आहे, आणि त्याला कुणी व्ह्यू पॉइंट म्हणत नाही. गो-कार्टिंग आहे, छोटी ट्रेन आहे, पाणी आहे. लहान मूल बरोबर असेल तर बाकी कुठे जाऊच नका.

पण काकूंच्या यादीत हे बसत नव्हतं. पाळणा उलटा होत नाही.

मग पाण्याकडे वळले. घोडबंदरवरच वाघबीळचं सूरज वॉटर पार्क, भिवंडीपुढे नाशिक हायवेवरचं शांग्रिला, शिरसाड-वज्रेश्वरी रस्त्यावर पारोळचं ग्रेट एस्केप. आपल्या भागाला वॉटर पार्कांचा तोटा नाही, कारण एप्रिल-मेमध्ये कल्याणला जे ऊन पडतं त्यावर दुसरा इलाज नाही. या सगळीकडे दोन गोष्टींचं नाव मोठं असतं. वेव्ह पूल आणि रेन डान्स.

वेव्ह पूलबद्दल आमच्या ग्रुपमध्ये सरळ दोन पार्ट्या आहेत. आयटीवाली म्हणते, ‘समुद्र फुकट असताना मी विकतचा समुद्र का बघू?’ यावर सिस्टर जे म्हणाली ते मला पटलं. ‘डोंबिवलीत समुद्र आहे कुठे? आपल्याकडे खाडी आहे, आणि तिच्यात कुणी पाय बुडवत नाही.’ शिवाय खरा समुद्र पोहता न येणाऱ्याला घाबरवतो. इथे तळ हळूहळू उतरता असतो, लाटा खोल बाजूच्या भिंतीआडून यंत्राने सोडतात, कुठे भोंगा, कुठे शिट्टी वाजते, ठरावीक मिनिटं लाटा आणि मग पुन्हा तळं. त्या भोंग्याची जी वाट बघितली जाते ना, तीच खरी मजा! पन्नाशीच्या बायका पंजाबी ड्रेस आवरत, एकमेकींचे हात धरून, किंचाळत उड्या मारताना मी बघितल्यात. घरी त्या कधी एवढ्या मोठ्याने हसत असतील का, माहीत नाही. वेव्ह पूल नावाला जागतो. माझ्याकडून फुल मार्क्स.

रेन डान्स? सॉरी. नळाखाली उभं राहून पंधरा वर्षांपूर्वीची गाणी ऐकणं, याला आमच्या चाळीत पाणी आल्याचा आनंद म्हणायचे. जागा छोटी, फरशी निसरडी, आणि एकाच कोपऱ्यात सगळे मुलगे. नेक्स्ट!

अंधारातले बुजगावणे

काही राइड्सचं नाव बोर्डामुळेच मोठं होतं. बोर्डवर लाल अक्षरांत ‘दुर्बळ हृदयाच्या व्यक्तींनी आत जाऊ नये’ लिहिलं की आत काय असणार, हे आता मला बाहेरूनच सांगता येतं. एक काळा पडदा, एक सांगाडा, एक कोंदट वास, आणि एक पोरगा, जो बिचारा सकाळपासून चारशे लोकांना ‘हॉऽऽ’ करून थकलेला. एका पार्कात (नाव नको) त्या भुताने मला आधी वाट दाखवली आणि मग घाबरवलं. भीतीच्या घरात खरी भीती वाटते ती मागून ढकलणाऱ्या पब्लिकची.

तीच गत ‘फाइव्ह डी’, ‘सेव्हन डी’, ‘नाइन डी’ थिएटरांची. डी वाढत जातात, खुर्ची तीच. कानाशी वारा, तोंडावर पाण्याचा फवारा, पाठीत टोचणी. पहिल्यांदा मजा येते. दुसऱ्यांदा पाठीत काय आहे ते कळलेलं असतं. याउलट ज्यांच्याकडे फारसं कुणी वळून बघत नाही त्या बंपर कार! त्यांची कधी जाहिरात नसते, लाइन नसते, आणि नवऱ्याच्या गाडीला बाजूने ठोकण्याची कायदेशीर सोय असते. बँकेतली म्हणते, तिच्या लग्नाचा पाया तिथेच पक्का झाला.

‘थीम’ हा शब्दही आपल्याकडे स्वस्त झालाय. बागेत चार पुतळे बसवले की थीम पार्क. पण कोलशेतला फेब्रुवारी 2024 मध्ये उघडलेलं ग्रँड सेंट्रल पार्क त्यातलं नाही, हे मुद्दाम सांगते. साडेवीस एकरांत जपानी, चिनी, मोरोक्कन अशा बागा आहेत, राइड्स नाहीत, आणि चालून दमलेली माणसं खूश होऊन घरी जातात. ज्याला उलटं व्हायचं नाही त्याने तिकडे जावं.

दुर्गाडीचा पाळणा

आता एक कबूल करायला लावणारी गोष्ट. आपल्याला आयुष्यात सर्वात जास्त टरकवलं कुणी? मी आमच्या अकरा जणींना हा प्रश्न टाकला. आठ जणींचं उत्तर एकच. दुर्गाडीच्या जत्रेतला आकाशपाळणा!

कल्याणकरांना सांगायला नकोच. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण घेतलं आणि इथे खाडीच्या काठी आरमाराची सुरुवात झाली, तो हा दुर्गाडी किल्ला. नवरात्रात वर देवीचं दर्शन आणि खाली जत्रा. पाळणा वर गेला की समोर काळी खाडी, दुर्गाडी पुलावरचे दिवे, आणि खालून येणारा भज्यांचा वास. आणि तो आवाज! कर्र कर्र कर्र. पाळणा वरच्या टोकाला थांबतो, कारण खाली कुणीतरी उतरत असतं, आणि आपला डबा आपोआप झुलत राहतो. त्या क्षणी आपण सगळे आस्तिक असतो.

1893 मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात जॉर्ज फेरिसने 264 फुटांचं चाक उभारलं, तेव्हापासून जगभर पाळण्यांची उंची वाढतेच आहे. पण दुर्गाडीच्या पाळण्याची भीती उंचीमुळे नाही. हे मला खोपोलीला जाऊन आल्यावर नीट कळलं. मोठ्या पार्कातली राइड तुम्हाला घाबरवते, पण सगळी व्यवस्था तुम्ही सुखरूप उतराल अशी केलेली असते. लॉक एक माणूस तपासतो, मग दुसरा तपासतो, मग मशीन तपासतं, आणि एक जरी लॉक बसलं नसेल तरी गाडी सुटत नाही. जत्रेतल्या पाळण्यात बोल्ट आज सकाळी आवळलाय की परवा, ते तुम्हाला माहीत नसतं. म्हणजे एका ठिकाणी नुसती भीती विकत घेतो, दुसऱ्या ठिकाणी भीतीबरोबर थोडा धोकाही पदरात पडतो. म्हणूनच ती आठवण इतकी जोरकस, आणि म्हणूनच तिथे जाताना मी दोन गोष्टी बघते. डब्याला आडवी दांडी आहे का, आणि चालवणारा माणूस पाळण्याकडे बघतोय की मोबाइलकडे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर चुकीचं आलं, तर मी सरळ भज्यांकडे वळते.

काकूंनाही दुर्गाडीबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, ‘तिथेही मी खालीच असायचे गं. पोरांना कानातली काढून द्यायची असायची.’

खोपोली लोकल पकडा

शेवटी उरलं सगळ्यात मोठं नाव. इमॅजिका. एप्रिल 2013 मध्ये अ‍ॅडलॅब्जच्या मनमोहन शेट्टींनी खोपोली-पाली रस्त्यावर सुरू केलं, तेव्हा आपल्याकडे एवढं मोठं काही नव्हतंच. पुढच्या वर्षी वॉटर पार्क आलं, 2016 मध्ये स्नो पार्क. 2022 मध्ये हे सगळं मालपाणी ग्रुपकडे गेलं, म्हणजे ज्यांचं शिर्डी आणि लोणावळ्याला वेट अँड जॉय आहे तेच. ठाणे-डोंबिवली-कल्याणकरांना इथे एक सॉलिड फायदा आहे, जो वेस्टर्नवाल्यांना कधीच मिळणार नाही. खोपोली लोकल! बसा आणि डायरेक्ट खोपोलीला उतरा, पुढे रिक्षा. फक्त गाड्या मोजक्या आहेत. एक चुकली तर तुमची पहिली राइड प्लॅटफॉर्मवरच.

मी एकटीच गेले, वही घेऊन. आणि लाइनीत उभी असताना मी राइडपेक्षा लाइनीचाच अभ्यास जास्त केला. हिशोब साधा आहे. समजा गाडीत 24 माणसं बसतात. उतरवणं, बसवणं, लॉक तपासणं आणि फेरी मिळून 4 मिनिटं. तासाला झाले 360 जण. तुमच्यापुढे 700 माणसं असतील तर दोन तास गेले, आणि राइड दोनेक मिनिटांची. दोन तास उभं राहिल्यावर कुठलीच राइड ‘बरी’ नसते, ती एकतर ‘ग्रेट’ असते किंवा ‘बकवास’. निम्म्या राइड्सची कीर्ती आणि बदनामी ही लाइनीनेच ठरवलेली असते. म्हणून वीकएण्डला जाणाऱ्यांच्या मताला मी जरा कमीच किंमत देते. शनिवार-रविवार आणि शाळांच्या सहलींचे दिवस सोडून, गेट उघडताच आत शिरा, आणि जिच्यासाठी आलात ती राइड आधी करा. एक्स्प्रेस तिकिटावर जादा पैसे घालण्यापेक्षा हे बरं.

‘आय फॉर इंडिया’ हे माझं सरप्राइज. खुर्च्यांची रांग पुढे सरकते, पाय लटकतात, समोर भलामोठा पडदा, आणि तुम्ही देशावरून उडताय. नावावरून मला स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम वाटला होता! भीती शून्य, पण एका सीनला मी चक्क पाय वर घेतले. आजी-आजोबांना पहिले इथे न्या.

‘राजासॉरस रिव्हर अ‍ॅडव्हेंचर’ ही बोट, अंधार, डायनोसॉर आणि शेवटी धबाक! भिजायची तयारी ठेवा. पण तिचं नाव कुणा मार्केटिंगवाल्याने बसून काढलेलं नाही, हे कितीजणांना माहीत आहे? राजासॉरस नर्मदेन्सिस हा खराखुरा आपला डायनोसॉर. त्याची हाडं गुजरातमधल्या तेव्हाच्या खेडा जिल्ह्यात रहिओलीला सापडली आणि 2003 मध्ये त्याचं नामकरण झालं. नर्मदेकाठचा मांसाहारी राजा. लाइनीत माझ्यामागच्या पोराला हे सांगितलं, तर तो म्हणाला, ‘आंटी, तो किती फूट होता?’ आंटी हा शब्द मी सोडून दिला.

‘डीप स्पेस’वर मात्र पब्लिक फाटतं. बंद घुमटातला काळोख, आणि गाडी चढ चढतच नाही, चुंबकाच्या जोरावर एकदम सुटते. कोस्टरच्या शौकिनांना हे खूप आवडतं, कारण पुढचं वळण दिसतच नाही. मला जरा वेगळं वाटतं. रोलर कोस्टरची अर्धी मजा चढणीवरच्या त्या टक-टक-टक आवाजात आहे. उतरायची वेळ येतेय, आता माघार नाही, हे कळायला जो वेळ मिळतो ना, तो इथे मिळत नाही. आयटीवालीचं मत अगदी उलट. ‘मला विचार करायला वेळच नकोय,’ ती म्हणते. तिचं प्रोजेक्ट मॅनेजमेंट बघता हे पटण्यासारखं आहे. ‘डी टू डेअर ड्रॉप’चा हिशोबही असाच. मोकळं सोडलेलं काहीही पहिल्या सेकंदात 5 मीटर आणि दोन सेकंदांत 20 मीटर खाली येतं. म्हणजे किंकाळी पूर्ण व्हायच्या आत खेळ खलास. थरार खरा, पण गोष्ट नाही.

आणि मग ‘नायट्रो’. स्वित्झर्लंडच्या बोलिगर अँड माबिलार्ड कंपनीने बनवलेला, सुमारे 40 मीटर उंच, ताशी 105 किलोमीटर वेगाने जाणारा आणि 5 वेळा उलटा करणारा. फ्लोअरलेस. म्हणजे तुम्ही बसलात, लॉक झालात, की पायाखालची जमीन खरोखरच बाजूला होते! नंतर नुसते पाय लोंबकळत. नाव एवढं मोठं की मी मुद्दाम खोड काढायच्या मूडमध्ये बसले. खोड निघेना.

याला एक कारण आहे, आणि ते मला फार आवडलं. नीट बघितलं तर कोस्टरचा लूप गोल नसतो, थेंबाच्या आकाराचा असतो. 1895 मध्ये न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर फ्लिप फ्लॅप रेल्वे नावाचा कोस्टर आला, त्याचा लूप जवळजवळ गोल होता. लोकांच्या मानेला असा हिसका बसायचा की दुखणं घेऊन घरी. 1976 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये ‘रेव्होल्यूशन’ आला, आणि थेंबासारखा लूप तिथून पुढे रुळला. आत शिरताना वळण सैल, वरच्या टोकाला घट्ट. त्यामुळे शरीर दाबलं जात नाही, उचललं जातं. नायट्रोवर उलटं होताना डोकं आपटल्यासारखं होत नाही, पोटात एक हलकी पोकळी होते, बस्स. आणखी एक फंडा. पहिल्या रांगेत दृश्य, शेवटच्या रांगेत झटका. मागचा डबा माथ्यावर पोचतो तोवर पुढची गाडी उतारावर धावत सुटलेली असते, त्यामुळे मागच्यांना अक्षरशः ओढून फेकल्यासारखं वाटतं.

मी डब्यात रिपोर्ट दिला. ‘काकू, मिळाला. उलटा होणारा पाळणा.’

चष्मा, पर्स, चपला

आम्ही बुधवारी रजा टाकून गेलो. टेम्पो ट्रॅव्हलर, शिळफाटा, पळस्प्याला चहा, खोपोली. काकू आदल्या दिवशी डॉक्टरला बीपी दाखवून आल्या होत्या. साडीऐवजी सुनेचा ट्रॅकसूट. हे त्यांनी गाडीत बसेपर्यंत ओढणीखाली लपवलं होतं!

आधी सरावासाठी ‘गोल्ड रश एक्स्प्रेस’वर बसवलं. तो फॅमिली कोस्टर, उलटा न होणारा. उतरल्यावर त्या म्हणाल्या, ‘एवढंच?’ सीएच्या ऑफिसातली पांढरी पडली होती, त्यामुळे हे उत्तर जरा लागलं तिला.

नायट्रोला काकूंनी पहिली रांग मागितली. ‘एकदाच बसायचंय तर समोरचं दिसू दे.’ अकरातल्या सात जणी तयार झाल्या, चार जणी खाली. मी काकूंच्या शेजारी. लॉक बसलं, जमीन सरकली, त्यांच्या मोज्यातल्या पायांची बोटं आक्रसली. चढणीवर त्या काहीच बोलल्या नाहीत. माथ्यावर माझा हात घट्ट धरला. पुढचं मला सांगता येणार नाही, कारण मी डोळे मिटले होते. एक आवाज तेवढा ऐकू येत होता, माझ्या डाव्या कानाशी. किंकाळी वाटली. नंतर लक्षात आलं, त्या हसत होत्या.

स्टेशनात गाडी थांबली. सिस्टर म्हणाली, ‘मला वेव्ह पूलच बरा.’ आयटीवालीचं मत, डीप स्पेस यापेक्षा भारी. बँकेतलीला बंपर कार कुठे आहेत ते शोधायचं होतं. म्हणजे भांडण जिथून निघालं होतं तिथेच. सगळ्यांनी काकूंकडे बघितलं, शेवटचा निकाल त्यांचा.

काकूंनी केस सारखे केले. ‘छान आहे गं. पण पहिली रांग उगाच मागितली. चष्मा काढून ठेवायला लावला त्यांनी. मला समोर काहीच दिसलं नाही, नुसतं निळं आणि हिरवं.’ थोडा विचार केला. ‘मागच्या रांगेत झटका जास्त बसतो म्हणालीस ना तू?’

जेवणाची वेळ झाली होती. बाकीच्या दहा जणींत पुन्हा बसायची हिंमत एकीचीही नव्हती. काकू एकट्याच परत लाइनीत शिरल्या. चष्मा, पर्स आणि चपला माझ्या हातात देऊन. मी कठड्याला टेकून उभी राहिले.